पायात सुपं बांधून देवदाराच्या जंगलात

आणि संडासांचं म्हणशील दादा, तर तीनदा सांगितलं होतं, माझ्याकडून एक फरशीसुद्धा मिळणार नाही. ठाण्या-डोंबिवलीच्या लोकांनी आपल्या खाचरात येऊन उड्या मारायच्या, आणि त्यांना बसायला टाइल्स लावलेली जागा मी द्यायची, तीही इथे बरफाच्या पाण्यात भांडी घासून. वर तू माझ्या स्टेटसचा फोटो बघून गावभर सांगतोस, "आमचा रवी तिकडं गॉगल लावून फिरतो, आणि पैसे नाय म्हणतो." गॉगल भाड्याचा होता. तो फोटो कसा निघाला ते खाली लिहिलंय. शेवटपर्यंत वाच, नुसते फोटो बघू नकोस.

बाकीच्या वाचकांना आमच्या घरातलं भांडण माहीत असायचं कारण नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आमचं घर डोळखांबच्या पुढे, शहापूर तालुक्यात. मी आठवी नापास. भिवंडीचं गोडाऊन, सुरतची मिल, गोव्याचं हॉटेल असं करत करत सध्या मनालीच्या वर एका हॉटेलच्या किचनात आहे. संतोषदादा माझा मोठा भाऊ. तो आणि सुरेखा वहिनी घरी भातशेती करतात. आमच्या शेजारच्या पाड्यात एक बाळूशेठ आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी बोर्ड लावला, 'भात लावणी अनुभव'. माणशी बाराशे, त्यात नाश्ता, चिखल, जेवण आणि फोटो. पावसाळ्यात शनिवार-रविवारी बस भरून माणसं येतात, तासभर रोपं खोचतात, रील काढतात, भाकरी खाऊन जातात. बस वळणाआड गेली की आमचा दादा आणि अजून चौघं खाचरात उतरतात, त्यांनी खोचलेलं सगळं उपटतात आणि नीट लावतात. म्हणजे लावणी दोनदा होते. एकदा बाराशे देऊन, एकदा पाचशे मजुरी घेऊन. पिकते ती दुसरी.

वहिनी तिथे चुलीवर भाकऱ्या थापायला जाते. गेल्या पावसाळ्यात मी घरी होतो. बाळूशेठने तिला सांगितलं, गाऊन घालून येऊ नको, लुगडं नेस, काष्टा मार, अस्सल दिसलं पाहिजे. आता वहिनी गाऊनवर ओढणी टाकून सगळी कामं करते, तिच्या आईलासुद्धा मी कधी लुगड्यात बघितलं नाही. शेजारच्या म्हातारीचं मागून आणलं, ते नेसून ती फोटोला उभी राहिली. मी तिथेच बाळूशेठशी भांडलो, घरी येऊन दादाशी भांडलो, आणि तिसऱ्या दिवशी बॅग उचलून निघालो.

आता दादा म्हणतो, हेच आपण आपल्या खाचरात करू. त्याला लागतात दोन संडास आणि एक पत्र्याची शेड. गवंडी या महिन्यात आगाऊ दिले तर येणार, नाहीतर मुरबाडला बंगल्यांच्या कामावर जाणार, आणि मग पुढचा पाऊसही वहिनी बाळूशेठच्याच चुलीवर. मी म्हणतो, एक बाळूशेठ पुरे होता, दुसरा आपल्याच घरात कशाला? असं आहे भांडण. आता बरफ.

ज्यांना इकडे यायचंय त्यांच्यासाठी. कल्याणहून अंबाल्यापर्यंत रेल्वे, तिथून मनालीची बस. स्लीपरचं तिकीट परवडतं, पण जानेवारीचं असेल तर दोन महिने आधी काढा, नाहीतर माझ्यासारखं दरवाज्यात बॅगेवर बसून यावं लागेल. मनालीच्या वर रस्त्यावर बरफ असलं की चाकाला साखळ्या बांधलेल्या जीप चालतात, माणशी दोनशे. मुरबाड-कल्याणच्या जीपसारखीच माणसं कोंबतात. फक्त इथे मागच्या शिडीला कुणी लटकत नाही, कारण लोखंडाला हात चिकटतो.

मी स्वतः फिरायला जाणारा नव्हतोच. आमच्या हॉटेलात डोंबिवलीचा सहा जणांचा ग्रुप उतरला होता. त्यांचं दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या पार्कात स्नोशू घालून चालायचं ठरलं होतं. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायचे मोठे पसरट तळवे, बरफात पाय बुडू नये म्हणून. त्यातल्या एका काकांनी रात्री राजमा खाल्ला, त्यावर आइस्क्रीम खाल्लं, आणि सकाळी मी चहा घेऊन गेलो तर पोट धरून बसले होते.

"तू मराठी ना रे?" काका म्हणाले. "माझी जागा फुकट चाललीये. गाइडचे बाराशे भरलेत. तू जा."

"फुकट?"

"फुकट घेतलं की माणसाला किंमत राहत नाही. सहाशे दे."

पोटात कळा येत असतानाही माणूस धंदा करू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो. चालायचे सहाशे. आमच्याकडे डोळखांबच्या बाजाराला डोक्यावर ओझं घेऊन चालतात, कुणी पावती फाडत नाही. पण खरं सांगू, इथे येऊन सहा महिने झाले होते आणि मी समोरचा डोंगर फक्त मोरीच्या वरच्या खिडकीतून बघितला होता, तोही वाफेतून. मॅनेजरकडे सुट्टी मागितली, त्याने बिनपगारी दिली. सहाशे काकांना दिले आणि निघालो.

पार्काच्या गेटवर पन्नास रुपये तिकीट. शेजारी भाड्याचं दुकान. स्नोशू आणि दोन काठ्या मिळून पाचशे, गमबूट दोनशे, गॉगल शंभर. गॉगल घ्याच, उगाच शान म्हणून नाही, उन्हात बरफाकडे बघून डोळ्यांतून पाणी येतं. मोजे लोकरीचे, दोन जोड्या, मध्ये प्लास्टिकची पिशवी. जीन्स घालू नका. मी घातली होती, अकरा वाजेपर्यंत तिचा पत्रा झाला.

दुकानदाराने स्नोशू समोर टाकले. नारंगी प्लास्टिकचे, पुढे गोल, मागे निमुळते, कडेला उभी पट्टी. बघितले आणि मला आमच्या ओटीवर टांगलेलं सूप दिसलं, ज्यात वहिनी तांदूळ पाखडते. आमच्याकडे सुपाला पाय लागला तर आधी पाया पडतात, मग पुढचं बोलणं. माझा हात आपोआप खाली गेला, स्नोशूला लागला आणि कपाळाला लागला.

ग्रुपमधल्या मीनल मॅडम बँकेत नोकरीला होत्या आणि दिवसभर मोबाइल समोर धरून चालायच्या. त्या म्हणाल्या, "अय्या, किती गोड. परत एकदा कर ना, व्हिडिओ सुरू नव्हता."

आणि मी परत केलं. गॉगल लावून, कॅमेऱ्यात बघून, नीट सावकाश. लुगडं नेसायचं बाकी होतं.

आमचा गाइड नेगीजी. पन्नाशीचा, सडसडीत, जॅकेटच्या दोन्ही कोपरांना चिकटपट्टी लावलेली. त्याने विचारलं, "ये क्या किया?"

"हमारे इधर ऐसे में चावल साफ करते हैं. पैर नहीं लगाते."

नेगीजी हसला नाही. खाली बसून माझ्या बुटाचा पट्टा आवळला आणि म्हणाला, "हमारे इधर इससे चावल नहीं, पैर बचाते हैं. बाँधो."

मग सगळ्यांना नियम सांगितले. पाय फाकवून चाला. रांग सोडू नका. झाडाच्या खोडाजवळ जाऊ नका, तिथे बरफ पोकळ असतं. मागे सरकू नका, स्नोशूची शेपटी रुतते. फिरायचं असेल तर गोल वळा. आणि ज्याने खड्डा केला त्यानेच भरायचा, बाराशे दिले असले तरी. शेवटचं वाक्य त्याने आमच्यातल्या एका जाड साहेबांकडे बघून म्हटलं.

जंगलात शिरलो. आता इथे काहीतरी चांगलं लिहायला पाहिजे, कारण तुम्ही त्यासाठीच वाचताय. देवदाराची झाडं इतकी उंच की शेंडा बघताना टोपी पडते. फांद्यांवर बरफ साठलेलं, वारा नसताना मध्येच एखादी फांदी ओझं टाकते आणि पिठाची गोण फुटल्यासारखा धुरळा उडतो. आवाज कसलाच नाही. माझ्या कानात सहा महिने एक्झॉस्ट फॅन होता, तो पहिल्यांदा बंद झाला. मी थोडा वेळ थांबलो, पण मागून साहेबांची सोसायटीच्या पार्किंगवरच्या भांडणाची गोष्ट ऐकू यायला लागली, मग पुढे निघालो.

पहिली फजिती लगेच झाली. खाचराच्या चिखलात आम्ही टाच आधी उचलतो, बोटं खाली, म्हणजे पाय पचकन सुटून येतो. जन्मभराची सवय. तसाच पाय उचलला, सुपाचं टोक बरफात घुसलं आणि मी तोंडावर. बँकेच्या मॅडम शहाण्यासारख्या चालत होत्या, साहेब चालत होते, आणि डोंगरातला, रानातला असं सगळ्यांना सांगून झालेला मी दर वीस पावलांवर साष्टांग.

दोन तासांनी एका मोकळ्या जागेत थांबलो. नेगीजीने थर्मासमधून चहा दिला. मीनल मॅडमनी विचारलं, "तू नक्की कुठला रे?"

"शहापूर. डोळखांबकडचा."

"अगं बाई, डोळखांबला तर आम्ही लावणीला आलो होतो." त्यांनी हातमोजा दाताने ओढून काढला आणि फोनमध्ये फोटो शोधला. "हे बघ. ही बाई बघ, काय भाकऱ्या केल्या होत्या हिने."

फोटोत बाळूशेठची चूल, आणि चुलीपुढे लुगडं नेसलेली सुरेखा वहिनी. डोक्यावर पदर, हातात भाकरी, आणि तिचं ते हसू. वहिनी खरी हसते तेव्हा पुढच्या दाताची फट दिसते म्हणून तोंडावर हात घेते. फोटोत ती तोंड मिटून हसली होती.

"ती माझी वहिनी," मी म्हणालो.

मॅडम हसायच्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी तिला विचारलं होतं. म्हटलं, तुझं स्वतःचं काही असेल तर आम्ही थेट तुझ्याकडे येतो, मध्ये हा कोण कशाला. तिने माझा नंबर लिहून घेतला. म्हणाली, आता जागा नाय, पण करणार हाय."

करणार हाय. हे मला दादाने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी फोन कापला असेल, मी बऱ्याचदा कापतो.

अडचणीत सापडलो की मी समोरच्याची चूक काढतो. म्हटलं, "मॅडम, तुम्ही लावणी पुढे चालत केली असणार."

"हो. मग?"

"मग तुम्ही लावलेलं तुम्हीच तुडवलं. माझ्या भावाने ते सगळं उपटून परत लावलं, तुमची बस गेल्यावर."

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," मॅडम म्हणाल्या, आणि खरंच त्यांना वाईट वाटलं. "मग कशी करतात?"

"मागे सरकत. असं."

डाव्या हातात रोपांची जुडी आहे असं धरून मी कमरेत वाकलो, उजव्या हाताने बरफात रोप खोचलं, एक पाऊल मागे. परत खोचलं, परत मागे. हात चालू लागला की बाकी काही आठवत नाही, लावणीत तसंच होतं. नेगीजी ओरडला ते ऐकू आलं, पण त्याचा अर्थ पोहोचायच्या आत दोन्ही सुपांच्या शेपट्या रुतल्या, मी पाठीवर गेलो, आणि पाठीखाली जमीन नव्हती.

देवदाराच्या खोडाभोवतीची पोकळ जागा. मी छातीपर्यंत आत, पाय वर, पायांना नारंगी सुपं, मानेतून पाठीत बरफ चाललेलं. हलावं तेवढं खाली जात होतो. हसू माझं मलाच येत होतं, मग फांदीवरचं सगळं ओझं तोंडावर आलं आणि श्वास घेता येईना, तेव्हा हसू गेलं.

नेगीजी पोटावर झोपून पुढे आला, काठी दिली, माझा एक स्नोशू सोडवला आणि जॅकेटला धरून ओढून काढलं. पाच मिनिटं लागली असतील. बाहेर काढल्यावर पाठीत दोन धपाटे घातले, बरफ झटकायला की रागाने ते कळलं नाही.

"क्या कर रहे थे?"

"चावल लगा रहा था," मी म्हणालो.

आता मात्र तो हसला, तोंड उघडून, सगळे दात दाखवून. मग काठीने खड्ड्याकडे दाखवलं. "भरो."

मी भरायला लागलो. दातावर दात वाजत होते. नेगीजीने मागे वळून बाकीच्यांना म्हटलं, "मैडम, आप भी. आपने ही करवाया है. साहब, आप भी, हाथ गरम होंगे." आणि बाराशे रुपये भरलेली डोंबिवलीची पाच माणसं गुडघ्यावर बसून हाताने बरफ लोटायला लागली. नेगीजी कडेला उभा राहून चहा पीत होता. "इधर और. दबाओ. शाम को ये पत्थर हो जाएगा, कल किसी का पैर जाएगा." साहेबांनी नीट दाबलं नाही, त्यांना परत दाबायला लावलं. कुणी कुरकुर केली नाही. उलट मीनल मॅडमनी त्याचाच फोटो काढायला सांगितला, आणि दादा, स्टेटसला तू बघितलास तो हाच. मी गॉगल लावून मजेत बसलेला दिसतो, तो खड्डा भरतोय.

परतताना मी नेगीजीच्या मागे चालत होतो. विचारलं, लोक रागावत नाहीत का? तो म्हणाला, "पैसा रास्ता दिखाने का लेता हूँ. रास्ता तोड़ने का नहीं." एवढं बोलून त्याने कोपरावरची सुटलेली चिकटपट्टी परत दाबून बसवली.

गेटवर मॅगी ऐंशी रुपये, खाऊ नका, आमच्या हॉटेलात साठ आहे आणि मी बनवतो. जीपने वर आलो. काका बरे झाले होते. विचारलं, "काय रे, पैसे वसूल?" म्हटलं, पूर्ण. ते खूश झाले, बहुतेक सातशे घ्यायला हवे होते असं वाटलं असेल.

खोलीवर आलो, म्हणजे किचनच्या वरची फळ्यांची खोली, तीत तिघं झोपतो. जीन्स किचनच्या चिमणीच्या पाइपला वाळत लावली, आणि दोन दिवसांनी, फोटो गावभर झाल्यावर, दादाला फोन केला.

"दादा, वहिनी त्या डोंबिवलीच्या बाईचा नंबर घेऊन बसलीये, हे तू मला बोलला नाय."

"तीनदा बोललो. तू ऐकतंस कुठं? शहाणा हाईस ना तू."

"पाठवतो पैसे."

"प्यालास काय रे?"

"नाय. पण दोन गोष्टी. वाकडं लावलं त्यांनीच उपटायचं, आणि त्यांनीच परत लावायचं. तू कडेला उभा रहा. बस थांबू दे."

"बाराशे देऊन कोण उपटील, येड्या?"

"मी सहाशे देऊन खड्डा भरला. उपटतील. सांगून बघ, कुणी त्यांना सांगतच नाय."

"आन दुसरी?"

"वहिनी गाऊनवरच राहील. कुणाला लुगडं बघायचं असेल त्याने स्वतः नेसावं."

फोन स्पीकरवर होता हे मला माहीत नव्हतं. मागून वहिनीचा आवाज आला, "भाऊजी, मंग गाऊन तरी नवीन लागंल. हा फाटलाय पाठीत." आणि हसली. दिसलं नाही, पण तोंडावर हात घेऊन हसली असणार, आवाज दबका आला.

आता काय राहिलं ते सांगतो. टाचेला फोड आहे, भांडी घासताना पाठ दुखते. मीनल मॅडमनी माझा पाया पडायचा व्हिडिओ टाकलाय, त्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचून झालं, सगळ्यांना मी गोड वाटतो. मॅडमना फोन करून काढायला सांगितला, काढते म्हणाल्या, अजून आहे. दादाच्या कल्पनेवर माझा पूर्ण विश्वास बसलाय असं नाही. चार सहली झाल्या की दादाही बोर्डावर काहीतरी 'अस्सल' लिहील, मला त्याची लक्षणं दिसतात. तेव्हा मी परत भांडेन. पण तोवर चूल वहिनीची झालेली असेल, आणि भांडण आपल्या अंगणात होईल.

जुनी बाइक घेऊन जूनमध्ये लेहला जायचं म्हणून मी साठवत होतो. ज्यांनी मला त्या प्रवासाबद्दल विचारलं होतं, त्यांनी वाट बघू नये. इथल्याच किचनात अजून एक सीझन आहे मी. मॅगी खायला या.

गवंड्याचे आगाऊ पंचवीस हजार, आणि वहिनीच्या दोन गाऊनचे पाचशे. आज सकाळी पाठवले, दादा, बघून घे. पंचवीस हजार पाचशे.